उसना एकांत

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर गेले की नान्नज लागते आणि गावाच्या आसपास पसरलेले गवताळ माळ सुरू होतात. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली जाहीर झालेले अभयारण्य ते हेच. बाहेरगावच्या पाहुण्यांना मी तिथे नेले, तर 'इथे पाहायचे काय?' असा त्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्तच आहे, कारण नजरेत भरेल असा कडा, धबधबा किंवा दाट झाडोरा तिथे नाही. गुडघ्याएवढे गवत, मधूनमधून बोरी-बाभळी, पायाखाली मुरूम आणि चारी बाजूंनी टेकलेले आभाळ एवढाच त्या माळाचा ऐवज आहे. ज्या पक्ष्यामुळे त्याला संरक्षण मिळाले, तो माळढोक दिसणे तर आता नशिबाचाही भाग राहिलेला नाही. तरीही सह्याद्रीतल्या रानापेक्षा मला हा माळ अधिक जवळचा वाटतो. दाट रानात कोण कुठे आहे ते कळत नाही. माळावर मात्र दूरवरून येणारा माणूस दिसत असतो आणि त्यामुळे बाईमाणसाला सारखे मागे वळून पाहत बसावे लागत नाही. निसर्गवर्णनांत हा मुद्दा सहसा येत नाही, म्हणून तो आधी सांगितला.

निसर्गातला एकांत आणि माणसांतला आनंद यांचा मेळ कसा घालावा, यावर अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. आठवड्यातला इतका वेळ झाडांमध्ये घालवावा, इतका मित्रमंडळींत घालवावा, मोबाइल घरी ठेवावा, पहाटे उठावे, असे ते सल्ले असतात आणि त्यांतले बहुतेक चांगलेही असतात. पण ते वाचताना मला वाटत राहते, की लिहिणाऱ्याला घराबाहेर पडण्यासाठी चपला पायांत सरकवण्यापलीकडे काही करावे लागत नसावे. आमच्याकडे बाई एकटी निघाली, की दारातच विचारणा होते. "कुठं जायलीस? संगं कोण हाय? कशाला जायलीस?" पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर देता येते. तिसऱ्याला 'नुसती बसायला' असे उत्तर दिले, की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर काळजी उमटते आणि घरात काही बिनसले आहे का, प्रकृती बरी आहे ना, या वळणाला बोलणे लागते. देवळात, बाजारात, माहेरी जाण्याची कारणे चालतात. काहीही न करण्यासाठी माळावर जाणे हे कारण चालत नाही. विचारणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्या काळजीत खोट नसते, आणि उजाड माळावर एकट्या बाईने जाऊ नये या म्हणण्यात व्यवहाराचाही भाग आहेच. मात्र यामुळे एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी एरवी कदाचित आली नसती. एकांत आपण माणसांपासून हिरावून आणतो असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात तो माणसांनीच आपल्याला दिलेला असतो. कोणीतरी आपले काम त्या वेळेपुरते उचललेले असते, कोणीतरी आपल्याला एकटे राहू देण्याचे मान्य केलेले असते, आणि हे देणे मिळाले नाही, तर नान्नजचा माळ वीस किलोमीटरवर असून उपयोग नसतो.

मी माणसांना कंटाळलेली बाई नाही, हे इथे सांगायला हवे. लग्न होऊन साखर पेठेतल्या एकत्र कुटुंबात आले, तेव्हा घरात चुलीजवळ, न्हाणीत, माडीच्या जिन्यावर कुठेही पाहिले तरी कोणीतरी असायचेच. शाळेत नोकरी लागल्यावर दिवसभर साठ-साठ मुलांचे वर्ग असत. भिशी, भजनी मंडळ, संक्रांतीचे हळदीकुंकू, जावाजावांनी मिळून शेंगदाण्याची चटणी कुटणे, कडक भाकरी थापताना एकमेकींच्या घरातल्या बातम्या ऐकणे, या सगळ्यांत मी मनापासून रमले आणि आजही रमते. शहरातल्या चार भाषांत चालणारी बोलाचाली कानावर पडली नाही, तर मला दिवस अळणी वाटतो. समोरच्या घरातल्या आजी सुनेला तेलुगूत रागावतात, भाजीवाल्याशी कन्नडमध्ये घासाघीस करतात आणि माझ्याशी मराठीत सुखदुःखाचे बोलतात. ही करमणूक सोडून कायमचे रानात जाऊन राहावे, असे मला एकदाही वाटलेले नाही. पण चाळिशी उलटल्यावर एक बदल जाणवू लागला. लोकांत असताना मी ऐकेनाशी झाले होते. समोरची बोलत असे आणि मी मान डोलवत असे, पण आत काही पोहोचत नसे. शाळेतल्या एका सहकारी बाईंनाही तसेच होत होते, आणि त्यांनीच माळाचा विषय काढला.

आधी आम्ही आपापल्या कुटुंबाला घेऊन गेलो. त्याची सहल झाली. डबे, चटया, क्रिकेटची बॅट, परतताना मुलांची भांडणे. नंतर आमचे अहो सोबत आले. त्यांना निसर्गाची खरी आवड आहे, पण शांतता दिसली की ती भरून काढणे हे आपले कर्तव्य आहे असे त्यांना वाटते आणि पाटबंधारे, राजकारण, जमिनीचे भाव यांवर त्यांचे बोलणे अखंड चालते. शेवटी आम्ही दोघींनीच जायचे ठरवले. घरच्यांच्या दुसऱ्या प्रश्नाला त्यामुळे उत्तर मिळाले, की संगं बाई आहेत. तिथे पोहोचल्यावर थर्मासमधला चहा घ्यायचा आणि मग अभयारण्याच्या बाहेर, रस्त्यापासून फार आत नसलेल्या माळावर, दोन वेगवेगळ्या कडुनिंबांखाली जाऊन बसायचे, अशी रीत पडली. एकमेकींना हाक ऐकू जाईल एवढे जवळ आणि बोलता येणार नाही एवढे लांब. ऊन चढले की उठायचे. परतीच्या वाटेवर बोलायचे किंवा नाही, ते त्या दिवसावर सोडलेले. अंतराचा हा हिशेब आम्ही बसून ठरवला नाही. तो हळूहळू जमला. माझा एकांत त्यांच्या तिथे असण्यावर उभा होता आणि त्यांचा माझ्या असण्यावर. दोघींपैकी एक आजारी पडली, की दुसरीचाही रविवार घरातच जाई.

तिथे बसून मी काय करते, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. ध्यान करत नाही, नामस्मरणही करत नाही. पाहते. हिवाळ्यातल्या सकाळी डोंबारी नावाचा चिमणीएवढा पक्षी सरळ वर चढतो आणि पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला लागणार इतक्यात सावरून पुन्हा वर जातो, आणि हे तो कोणासाठी करतो आहे ती मादी आपल्याला दिसतही नाही. टिटवी आपल्यावर ओरडून ओरडून थकते आणि अर्ध्या तासाने आपल्याला माळाचाच भाग समजून गप्प बसते. काळवीट नेहमीचेच. त्यांचे वागणे पाहण्यासारखे असते. माद्या आणि पिल्ले कळपाने हिंडतात, तरुण नरांचा वेगळा घोळका असतो, आणि भर वयातला काळा नर आपली जागा राखून, लेंड्यांच्या ढिगांनी तिच्या खुणा करून, एकटा उभा असतो. त्याचे ते एकटे उभे राहणे मला फार दिवस तपस्व्यासारखे वाटत असे. पुढे वाचल्यावर कळले, की तो तिथे माद्यांच्या वाटेकडे डोळे लावून उभा असतो.

या सगळ्यांत मला सर्वांत विचारात पाडले ते भोवत्या नावाच्या शिकारी पक्ष्यांनी. हे ससाण्याच्या बांध्याचे, लांब पंखांचे पक्षी हिवाळ्यात मध्य आशियाकडून आपल्या गवताळ प्रदेशात येतात. दिवसभर ते एकेकटे असतात. गवतावरून अगदी खालून, पंख उंचावून, टोळ, सरडे, लहान पक्षी हुडकत मैलोन्मैल फिरतात आणि शिकारीत दुसऱ्याची सोबत त्यांना नको असते. संध्याकाळ झाली, की मात्र हेच पक्षी चारी दिशांनी एका ठरावीक गवताच्या पट्ट्यावर जमतात आणि जमिनीवर, एकमेकांपासून थोड्या अंतराने, रात्र काढतात. अशा रातथाऱ्यांवर कधी मोजके, तर कधी शेकड्यांनी पक्षी उतरतात. रात्रीच्या जमण्यामुळे त्यांना लांडग्या-कोल्ह्यांची चाहूल लवकर लागत असावी आणि कोणत्या बाजूला भक्ष्य अधिक आहे तेही एकमेकांवरून कळत असावे, असे पक्षी-अभ्यासक मानतात. म्हणजे दिवसा एकट्याने फिरण्याची ताकद रात्रीच्या जमावातून येते. पक्ष्यांवरून माणसांना धडे काढण्याची मला सवय नाही आणि ती चांगली आहे असेही वाटत नाही, पण दोन कडुनिंबांखाली बसलेल्या आम्हा दोघींना ही माहिती वाचून बरे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही.

शास्त्रज्ञांनीही या विषयाला हात घातलेला आहे. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून १२० मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली प्रकृती चांगली आहे आणि आपण समाधानी आहोत असे सांगणाऱ्यांचे प्रमाण अधिक आढळले. हा वेळ एका बैठकीत घालवला की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडत नव्हता. उन्हाळ्यात माळावर जाणे अशक्य झाले, की मी याच आधारावर संभाजी तलावाच्या काठी सकाळी अर्धा-अर्धा तास चालते. दुसरीकडे, अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने १९३८ साली सुरू झालेला आणि अजून चालू असलेला अभ्यास सांगतो, की म्हातारपणी कोण धडधाकट आणि आनंदी असेल याचा अंदाज त्याच्या जिव्हाळ्याच्या नात्यांवरून चांगला बांधता येतो. तो अभ्यास ७२४ जणांवर सुरू झाला आणि ते सगळे पुरुष होते. बायकांना त्यात पुढे, फार उशिरा घेतले गेले.

तिसरा प्रयोग मला सर्वांत अधिक आवडतो. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी तो २०१४ साली प्रसिद्ध केला. माणसाला एका खोलीत पंधरा मिनिटे एकटे बसवले. जवळ करायला काही नाही, फक्त एक बटण, जे दाबले की विजेचा सौम्य झटका बसे. हा झटका टाळण्यासाठी प्रसंगी पैसेही मोजू, असे या लोकांनी आधी सांगितलेले होते. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी त्या पंधरा मिनिटांत ते बटण किमान एकदा दाबले. एकटेपणापेक्षा झटका बरा वाटला, असा त्याचा अर्थ लावतात. आमच्या भजनी मंडळात मी हे सांगितले, तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, "पंधरा मिनिटं कुणी हाक मारणार नाही अशी खोली मिळाली, तर मी बटणाकडं बघणारसुद्धा नाही, झोपेन." प्रयोगाचे आकडे लहान आहेत आणि त्यांवरून फार काही ठरवू नये, हे खरे. पण त्या सहा आणि बाराचा फरक आमच्या मंडळात कोणालाही समजावून सांगावा लागला नाही.

सोलापूरच्या माणसाला एकांत आणि समुदाय यांचे नाते समजून घ्यायला इंग्लंड-अमेरिकेला जाण्याची तशी गरजही नाही. आमचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवयोगी. लहानपणी मल्लिकार्जुनाच्या ओढीने ते घर सोडून श्रीशैलाला गेले, अशी कथा आहे. तिथून परतून त्यांनी तेव्हाच्या सोन्नलगीत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली आणि लोकांच्या श्रमांतून तलाव खोदवला. शहराच्या मधोमध असलेला, देऊळ ज्याच्यात उभे आहे तो सिद्धेश्वर तलाव तोच. वीरशैव परंपरेत पुढची कथा अशी सांगतात, की त्या परंपरेतले थोर शरण, म्हणजे शिवभक्त संत, अल्लमप्रभू तिथे आले आणि 'हा खोदकाम करणारा कुठे आहे?' अशा शब्दांत त्यांनी सिद्धरामांची विचारपूस केली. कामावरचे लोक संतापले, त्यांनी दगड उचलले, पण सिद्धरामांना त्या बोलण्यातला रोख कळला. बाहेरचे पाणी साठवत राहिलास, आतले कोरडेच राहिले, असा तो रोख होता. ते अल्लमप्रभूंबरोबर कर्नाटकातल्या कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, शरणांच्या मेळ्यात गेले. मात्र त्यांची समाधी आहे ती सोलापुरातच, त्याच तलावाच्या पाण्यात. मला या कथेत दोघांचेही म्हणणे खरे वाटते. अल्लमप्रभूंनी टोकले नसते, तर सिद्धराम निव्वळ कामाचा मुकादम राहिले असते, आणि त्यांनी तलाव खोदवला नसता, तर नऊशे वर्षांनी त्यांच्या योगाची आठवण काढायला लाखभर माणसे जमली नसती.

ती माणसे जमतात जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेला. यात्रेच्या मुळाशी जी गोष्ट आहे, ती या विषयाच्या दृष्टीने फार विलक्षण आहे. एका कुंभाराच्या मुलीला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचे होते. योगी असल्यामुळे त्यांनी नकार दिला, पण तिची निष्ठा पाहून आपल्या योगदंडाशी लग्न करायला संमती दिली. त्या लग्नाच्या अक्षता आजही दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्यावर पडतात. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी आणि भक्त सात उंच नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलत मिरवणुकीने येतात. त्यांचा सराव महिनाभर आधीपासून गल्लीगल्लीत चाललेला असतो. 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' या गजराने रस्ता भरून जातो. म्हणजे ज्याने संसार नाकारला, त्याच्या काठीच्या लग्नाला सगळे शहर वऱ्हाडी म्हणून जाते. विरक्ताला एकटे राहू द्यायचे, पण त्याच्या नावाने आपण एकत्र यायचे, ही तडजोड आमच्या पूर्वजांनी मोठ्या हुशारीने केली. त्या मुलीला मात्र बहुतेकांच्या तोंडी कुंभारकन्या एवढीच ओळख आहे. योग्याला नाही म्हणता आले आणि तो पूज्य ठरला. तिला काय म्हणायचे होते, ते काठीपुरतेच ऐकले गेले. हे मी यात्रेवर टीका म्हणून लिहीत नाही, मी दर वर्षी तिथे असते. गर्दीत एका जागी उभे राहून अक्षता हातात धरल्या, की आजूबाजूच्या हजारो लोकांतला कोणीही मला ओळखत नाही आणि कोणीही काही विचारत नाही. माळावर जी मोकळीक मिळते, तिच्या फार जवळची ही मोकळीक असते. होम मैदानावरचे पाळणे, भजी, खेळण्यांची दुकाने आणि नातवंडांचा हट्ट हा भाग नंतरचा. तोही मी टाळत नाही.

समाजाने बाईला एकटे राहण्याच्या काही जागा आधीच मंजूर करून ठेवल्या आहेत, हेही इथे नोंदवायला हवे. वारीला निघालेल्या बाईला कोणी 'कशाला' असे विचारत नाही. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना सोलापुरातून जाते, तेव्हा त्या रांगेत चालणाऱ्या बायकांचे चेहरे मी पाहत उभी राहते. शेकडो माणसांच्या मधोमध त्या स्वतःशीच असतात. अडुसष्ट लिंगांच्या दर्शनाला पहाटे निघणारी बाई शहराचे जुने कोपरे, विहिरी, पार एकटीने फिरून येते आणि घरी परतल्यावर तिला प्रसाद विचारला जातो, खुलासा विचारला जात नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी उपासतापास, व्रते, मौन यांच्या आडून किती स्वस्थता मिळवली असेल, याचा अंदाज करता येतो.

माझे माहेर अक्कलकोट तालुक्यातले. तिकडे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला घरेच्या घरे शेतात जातात. कडब्याची कोप करून तिच्यात पांडवांची पूजा मांडतात. ज्वारी कमरेएवढी झालेली असते, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात, आणि अंबील, भज्जी, बाजरीचे उंडे यांवर ओळखीचे-अनोळखी सगळे तुटून पडतात. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून बसवणे हा त्या दिवसाचा नियमच आहे. माझी आजी त्या दिवशी पहाटेपासून चुलीपाशी असे. पंगती उठल्या, की ती पदर डोक्यावर घेऊन बांधाच्या पलीकडे जाई आणि उभ्या ज्वारीकडे तोंड करून बसे. आम्ही मुले तिच्याकडे निघालो, तर आई अडवायची. "जाऊ नका, अव्वा बसल्यात." तेवढ्या चार शब्दांत तिला वर्षभराची सुट्टी मिळत असे. निसर्ग, माणसे, जेवण आणि गप्प बसणे यांची वाटणी त्या एका दिवसात जितकी चांगली झालेली मी पाहिली, तितकी नंतर कुठेही पाहिली नाही, आणि ती झाली होती कारण कोणीतरी मुलांना अडवत होते.

अलीकडे शहराभोवतीच्या शेतांवर तिकीट लावून हुरडा पार्ट्या होतात. गुळभेंडीचा कोवळा हुरडा गोवऱ्यांच्या आगटीत भाजून, हातावर चोळून, शेंगाची चटणी आणि गुळाबरोबर खाण्यासारखे सुख नाही, आणि शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात हेही उत्तम आहे. पण तिथे सकाळी दहापासून कर्णे लावून गाणी वाजवतात. शहरातला आवाज भाड्याने शेतात नेऊन आपण निसर्गात आलो असे म्हणणे मला पटत नाही. आगटीभोवती बसण्याची जुनी पद्धत वेगळी होती. हात कामात असत, डोळे विस्तवाकडे असत आणि बोलणे आले तर येई, नाही तर चटचट उडणाऱ्या दाण्यांच्या आवाजावर सगळे निभावत असे.

एकट्याने रानात राहण्याचा विषय निघाला, की सोलापुरात मारुती चितमपल्ली यांचे नाव निघणारच. ते १९३२ साली इथे जन्मले, वनखात्यात त्यांनी छत्तीस वर्षे काढली, २००६ चे साहित्य संमेलन सोलापुरात झाले तेव्हा त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते, आणि आयुष्याच्या अखेरीस ते याच शहरात परतले. १८ जून २०२५ रोजी ते इथेच गेले. अरण्यात एकटे राहिलेले माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाते, पण त्यांचे ते रान माणसांनी भरलेले होते. पक्ष्यांची, झाडांची नावे त्यांनी आदिवासींकडून आणि मासे धरणाऱ्यांकडून गोळा केली. शिवाय रानात राहणे ही त्यांची नोकरी होती, म्हणजे एकांताची परवानगी सरकारी शिक्क्यानिशी मिळालेली. तसे पद सर्वांच्या वाट्याला कुठून येणार?

माझ्या या सगळ्या विचारांना सर्वांत कडक उत्तर मिळाले ते कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विड्या वळणाऱ्या बायकांच्या वसाहतीत. तिथल्या एक बाई आमच्या ओळखीच्या आहेत. दारात सूप घेऊन चार-पाच जणी बसतात, पाने कातरतात, तंबाखू भरतात, दोरा गुंडाळतात आणि जिभेला विसावा नसतो. मी त्यांना माळावर यायचे आमंत्रण दिले, तेव्हा त्या हसल्या. "बाई, एकटं बसलं की हात चालत नाहीत. बोलत बोलत हजार इड्या कधी झाल्या ते कळत नाही. एकटीनं केल्या तर प्रत्येक इडी मोजावी लागती." त्यांच्यासाठी सोबत हा केवळ जिवाचा विरंगुळा नव्हता, मजुरी त्याच्यावर अवलंबून होती. तुम्हाला कधीच एकटे बसावेसे वाटत नाही का, असे मी पुढे विचारले. त्यांनी थोडा वेळ दोरा गुंडाळला आणि म्हणाल्या, "वाटतं की. कारखान्यात माल टाकायला जाताना चालत जाते. रिक्षाचे पैसे हायत, तरी चालतच जाते." त्यावर मला बोलायला काही सुचले नाही. आम्ही मोटारीने वीस किलोमीटर जाऊन जे मिळवतो, ते त्या डोक्यावरच्या पाटीखाली, डांबरी रस्त्याच्या कडेने चालताना मिळवत होत्या, आणि त्यासाठी त्यांनी कोणाला कारणही सांगितले नव्हते, कारण कारण पाटीत होते.

पेठेत वाढलेल्या माणसाला उसनवारी शिकवावी लागत नाही. वाटीभर साखर नेली, तर वाटी परत करताना ती रिकामी द्यायची नसते. एकांताच्या बाबतीत मी हा नियम फार उशिरा लावला. माझ्या माळावरच्या सकाळी घरात दूध तापवणे, नातवाची अंघोळ, अहोंची औषधे हे सगळे सूनबाई पाहत होत्या, आणि त्या रविवारी कुठे जातात हा प्रश्न घरात कधी निघालाच नव्हता. त्यांना सुट्टीचा दिवसही तोच, म्हणून आता एक रविवार माझा आणि एक त्यांचा, असे ठरले आहे. माझ्या मैत्रिणीने कुरकुर केली, कारण त्यांचाही रविवार त्यामुळे अर्धा झाला. मग त्यांनी आपल्या नणंदेला सोबत घ्यायला सुरुवात केली आहे, आणि नणंदबाई तिसऱ्या झाडाखाली बसायला शिकल्या की नाही, याचा अहवाल मला फोनवर मिळत असतो. अजून त्या मैत्रिणीच्याच झाडाखाली बसतात आणि बोलतात, असे दिसते.

सूनबाई माळावर जात नाहीत. त्यांना गवताची कुसळे आणि उन्हाची तिरीप दोन्ही सोसत नाहीत. पहिल्या रविवारी त्या स्कूटर घेऊन निघाल्या, तेव्हा सासूबाईंच्या सुरात 'कुठे जातेस' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, ते मी गिळले. दुपारी दीडला त्या परतल्या, नातवाने भात खाल्ला का एवढे विचारले आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या. पुढच्या वेळी मी डबा भरून दिला. तो त्यांनी संपवून आणला, आणि धुऊनही.